कूलरला हात लावला की मुंग्या येतात

प्रश्न: आमच्या लोखंडी कूलरला ओला हात लागला की मुंग्या येतात. घरचे म्हणतात, उन्हाळ्यात एवढं चालायचंच. घरात दोन वर्षांचा नातू आहे. काय करावं?
— एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर: ताई, नाही चालायचं. आधी प्लग काढा, मग पुढचं वाचा. मुंग्या येतात म्हणजे पत्र्यात करंट उतरलाय. तुमच्या पायात चप्पल असेल, म्हणून आजवर निभावलं. नातू अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून जाळी धरेल तेव्हा निभणार नाही.

मी पंचवीस वर्षं खेड्यापाड्यांत वायरिंग केली. असा कूलर उघडला की बहुतेकदा पंपाच्या वायरला जोड, त्यावर गुंडाळलेली पन्नी, आणि तो जोड पाण्यात! वर प्लगची जाड पिन कापलेली, कारण बोर्डाला दोनच भोकं. अहो, ती जाड पिनच अर्थिंगची, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी. जोड काढून अखंड वायर टाका. अर्थिंगचा खड्डाही बघा. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, तिथे अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं.

मीटरजवळ 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा खटका, बसवून घ्या. एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की पडणारा साधा खटका, वायर जळू देत नाही, पण शॉकपासून माणसाला वाचवत नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, खटका पडलाच पाहिजे.

आणि पाणी भरताना प्लगच काढायचा. बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरऐवजी परत नेणाऱ्या वायरवर, जोडलेलं मी कितीतरी घरांत पाहिलंय. तिथे पंखा थांबतो, करंट मात्र आत तसाच असतो.