तीन रात्री बोटीवर, आणि समुद्र पाहिलाच नाही

एका ताईचं पत्र आलंय, वय 38. चांगलं सहा पानी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. नवरा, 13 वर्षांची मुलगी, 7 वर्षांचा मुलगा, सासू-सासरे आणि ती, असे सहाजण 3 रात्रींच्या क्रूझला जाऊन आले. नवऱ्याने सरप्राइज म्हणून परस्पर बुक केलेली. पहिल्याच संध्याकाळी सेफ्टी ड्रिलला, म्हणजे संकटात कुठे जमायचं, काय करायचं याच्या सरावाला, जायचं की नाही यावरून तो सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसला. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला, सासूबाईंना बोट लागली, दीड दिवस उलट्या, आणि ही त्यांच्याजवळ बिनखिडकीच्या केबिनमध्ये बसून. त्यातच मुलगी दोन तास सापडेना. तिसऱ्या दिवशी बंदरावर उतरलेले नवरा आणि सासरे अगदी शेवटच्या मिनिटाला धापा टाकत परत आले. घरी आल्यावर नवरा म्हणतो "एवढं केलं तरी तुझं तोंड वाकडंच", सासूबाई म्हणतात "तुमच्याबरोबर मी परत कुठे येणार नाही", आणि आता नवरा पुढच्या वर्षीची क्रूझ शोधतोय, "या वेळी नीट करू" म्हणून. ताई विचारते, मावशी, मी सरळ नाही म्हणू का? की मीच कृतघ्न आहे? आणि शेवटी एक ओळ, "तीन दिवसांत मी समुद्र पाहिलाच नाही."

अगं पोरी,

तुझी ती शेवटची ओळ वाचली आणि पत्र खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. कृतघ्न वगैरे काही नाहीस तू, तो शब्द आधी डोक्यातून काढून टाक. दमली आहेस, आणि कुणी अजून तुला "दमलीस का गं" असं विचारलेलं नाही, एवढंच दिसतंय मला.

पण तुझ्या पत्रात अपराधीपणा ठासून भरलाय ना, त्याचं आधी बघू. तू लिहितेस, नवरा म्हणाला "गोळ्या वेळेवर द्यायला नकोत का, आईचे हाल झाले", आणि तेव्हापासून तुला वाटतंय की सगळं तुझ्यामुळेच बिघडलं. हे बघ, बोट लागणं ही काही कुणाच्या निष्काळजीपणाने होणारी गोष्ट नाही. आपला तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते, तिला कळतं की आपण हलतोय, आणि डोळ्यांना मात्र समोर स्थिर भिंत, स्थिर पलंग, स्थिर कपाट दिसत असतं. दोघांचे निरोप जुळत नाहीत म्हणून मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळायला लागतं. म्हणून तर बोट लागली की डेकवर मोकळ्या हवेत जाऊन क्षितिजाकडे बघत राहा म्हणतात, म्हणजे डोळ्यांनाही हलणं दिसतं. आणि तुम्ही होतात कुठे, तर अकराव्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये. जहाजात सगळ्यात कमी हलतं ते मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर, सगळ्यात जास्त हलतं ते पुढच्या टोकाला आणि वर. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्याने या कुशीवरून त्या कुशीवर डोलणं बरंच कमी होतं, पण पुढचं टोक वर जाऊन खाली आपटतं ना, ते त्यांच्याने थांबत नाही. म्हणजे सासूबाईंच्या वाट्याला नेमकी तीच जागा आली, आणि ती केबिन निवडली कुणी होती? तू नाही ना? मी नवऱ्याला दोष देत नाहीये गं, त्यालाही हे माहीत नसणार, पण मग ते ओझं तू एकटीने का वाहायचं?

गोळीचं म्हणशील तर ती बोट हलायला लागायच्या आधी, साधारण तासभर आधी घ्यायची असते. एकदा उलट्या सुरू झाल्या की ती पोटात टिकतच नाही. आणि वयस्कर माणसांना त्याने गुंगी येते, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यातल्या काही गोळ्या चालत नाहीत, म्हणून निघायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. म्हणजे हे काम घरूनच व्हायला हवं होतं. पण सरप्राइज होतं ना! तुला निघायच्या दोन दिवस आधी कळलं. अगं चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 बीगल जहाजावर होता, जवळजवळ पाच वर्षं, आणि त्याला शेवटपर्यंत बोट लागतच होती. तिथे तुझ्या सासूबाईंची काय कथा, पहिल्यांदा समुद्रावर गेलेल्या.

ड्रिलचं तर तुझं शंभर टक्के बरोबर होतं, आणि तू ते एका ओळीत उरकलंस याचं मला वाईट वाटलं. नवरा म्हणाला "सुट्टीवर आलोय, शाळेत नाही", सासूबाईंचे गुडघे दुखत होते, आणि तरी तू सगळ्यांना जमायच्या ठिकाणी घेऊन गेलीस. ती ड्रिल ऐच्छिक नसते, प्रत्येक प्रवाशाला करावीच लागते. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज खडकावर आपटलं, 32 माणसं गेली, आणि त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या शेकडो लोकांची ड्रिल झालेलीच नव्हती, दुसऱ्या दिवशी होणार होती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्यासुटल्या ती घ्यावीच लागते. तेव्हा चारचौघांत तुझ्यावर आवाज चढला ते चुकलंच. ते तू त्याला शांतपणे सांग, भांडणात नको, पण सांग नक्की.

आता सासूबाई. तुझ्या पत्रातला हा भाग मी तीनदा वाचला. तू लिहिलंयस की रात्री तू त्यांच्या केबिनमध्येच थांबलीस, सासऱ्यांना मुलांकडे झोपायला पाठवलंस, बाथरूमच्या उंबरठ्यावर उशी घेऊन बसलीस, त्यांची साडी दोनदा त्या एवढ्याशा बेसिनमध्ये धुतलीस आणि शॉवरच्या दांडीवर वाळत घातलीस, आणि जहाज कललं की ती ओली साडी भिंतीपासून लांब जायची आणि परत चिकटायची, ते बघत तू रात्र काढलीस. आणि सकाळी त्या तुझ्याशी बोलेनात. तुला वाटलं, रागावल्या.

मला तसं वाटत नाही गं. मला वाटतं त्यांना लाज वाटली.

विचार कर, आयुष्यभर घर ज्यांनी चालवलं, सगळ्यांची आजारपणं ज्यांनी काढली, त्या बाईला सुनेच्या समोर, एका खुराड्याएवढ्या खोलीत, कपडे खराब होईपर्यंत उलट्या झाल्या आणि सुनेने ते धुतले. तोंड वर करून बघणं जड जातं अशा वेळी. माझ्यावर एकदा ही वेळ आलीये, लहान फेरीबोटीत, चार तासांचा प्रवास होता, आणि माझी धाकटी बहीण पदराने माझं तोंड पुसत होती. उतरल्यावर मी तिच्याशी जवळजवळ आठवडाभर धड बोलले नाही. तिने काय वाईट केलं होतं? काहीच नाही. मला फक्त तिच्या डोळ्यांत स्वतःचं ते रूप दिसायचं. थँक्यू म्हणायला मला कितीतरी महिने लागले, आणि म्हटलं तेव्हा दोघी रडलो.

म्हणून "तुमच्याबरोबर परत कुठे येणार नाही" यातला "तुमच्याबरोबर" तू इतका मनाला लावून घेऊ नकोस. कदाचित त्यांना म्हणायचंय की माझ्यामुळे तुमची सहल गेली. हे मी ठामपणे सांगू शकत नाही, त्या तुझ्या सासूबाई आहेत, माझ्या नाहीत. पण एकदा, घरात दुसरं कुणी नसताना, त्यांच्याजवळ बसून विचारून बघ, "आई, त्या रात्री तुम्हाला फार अवघड वाटलं का हो?" बास एवढंच. पुढे गप्प राहा, त्यांना बोलू दे.

मुलीचं थोडक्यात सांगते, कारण तिथे तसं काही बिघडलेलं नाही. जहाजांवर त्या वयाच्या मुलांसाठी वेगळी जागा असते आणि मोठ्या मुलांना तिथून स्वतःच्या स्वतः जाता-येता येतं, ती तिथेच होती, मैत्रिणी झाल्या होत्या, आणि फोन लागत नव्हता कारण समुद्रात लागत नाहीच. लागतो तो जहाजाच्या स्वतःच्या नेटवर्कवर, ज्याचं बिल बघून नवऱ्याचं डोकं फिरलं. फोन सुरुवातीपासून एअरप्लेन मोडवर ठेवायचा असतो. पुढच्या वेळी, कुठेही गेलात तरी, भेटायची एक जागा आणि वेळ ठरवून ठेवा, फोनवर विसंबू नका. तिला ओरडली असशील तर तेवढं मात्र जवळ घेऊन मिटव. तू तिच्यावर नाही, त्या दोन तासांवर ओरडत होतीस.

आणि बंदरावरचं धावणं, त्याचं कारण बहुतेक घड्याळ. जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ कधीकधी वेगळी असते, फोन आपोआप बंदराची वेळ दाखवायला लागतो आणि माणूस बेसावध राहतो. स्वतःचं स्वतः फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, थांबतं ते जहाजाच्या स्वतःच्या सहलीवरून येणाऱ्यांसाठी. सासऱ्यांना धाप लागलेली बघून तू वर डेकवरून किती घाबरली असशील याची कल्पना आहे मला. पण त्यातही तुझी चूक काय?

आता नवऱ्याबद्दल बोलते आणि तुझ्याबद्दलही, दोन्ही नीट ऐक.

तू लिहिलंयस, रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमांचा कागद यायचा आणि तो पिवळ्या हायलायटरने खुणा करत बसायचा, सात वाजता हे, साडेआठला ते, सगळ्यांनी बरोबर. तू हे चिडून लिहिलंयस. मला मात्र त्यात एक माणूस दिसला ज्याला मनापासून वाटत होतं की सगळ्यांना सगळं मिळावं. त्याचं चुकलं ते असं की त्याने कुणालाच विचारलं नाही, आणि आई आजारी पडल्यावर तो कागद घेऊन मुलांबरोबर वर गेला. त्याची आई होती ती. एक रात्र नाही तर निदान दोन तास तरी त्याने त्या उंबरठ्यावर बसायला हवं होतं. हे मी लिहितेय म्हणून नाही, तुलाही ते आतून माहीत आहे, म्हणून तर एवढा राग साठलाय.

पण शेवटच्या रात्री, सासूबाई झोपल्यावर, तो तुला बोलवायला खाली आला होता ना? "चल वर, चंद्र आलाय पाण्यावर." आणि तू म्हणालीस "नको, तुम्हीच जा". हे तू एका कंसात लिहिलंयस, घाईघाईत, पण मला ते दिसलं. का नाही गेलीस? आई झोपल्या होत्या, सासरे तिथे होते. रागाने नाही गेलीस, बरोबर? आणि मग "मी समुद्र पाहिलाच नाही" हे त्याच्या खात्यावर टाकलंस. राग खरा होता, पण तो एक तास तू स्वतःच घालवलास. हे बोलायला कडू आहे, पण तुझ्या बाजूची आहे म्हणूनच बोलतेय.

तर क्रूझला हो म्हणायचं की नाही? आत्ता काहीच म्हणू नकोस. त्याला सांग, बुकिंगच्या आधी मला अर्धा तास दे. आणि त्या अर्ध्या तासात मागचं सगळं उगाळत बसू नकोस, तीनच गोष्टी बोल. एक, मला ड्रिलच्या वेळचं फार लागलं. दोन, आईंचं किंवा बाबांचं काही दुखलंखुपलं तर अर्धा वेळ तू त्यांच्याजवळ, अर्धा मी, आणि हे इथेच ठरवून निघायचं. तीन, रोज दोन तास माझे, त्यात कुणाला मी कुठे आहे हे विचारायचं नाही. एका बोटीवर आहोत म्हणून सहाजणांनी दिवसभर एकमेकांना चिकटून राहायचं असं कुठे लिहिलंय? सकाळी ज्याचं त्याने, रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र, एवढं पुरतं. सासऱ्यांना पुस्तक घेऊन खुर्चीत पडायचं असेल तर पडू दे ना.

हे त्याला पटलं तर जा. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, जमलं तर खिडकीवाली. सासूबाईंना नाही यायचं तर आग्रह नको, पण त्या नाही येणार म्हणून तूही घरी थांबायचं, हे मात्र मला मान्य नाही. आणि पटलं नाही, त्याने ते हसण्यावारी नेलं, तर खुशाल नाही म्हण, बिनधास्त. त्याने तू वाईट सून किंवा वाईट बायको होत नाहीस.

सासूबाईंशी मात्र बुकिंगच्याही आधी बोल, या आठवड्यातच. त्या काय म्हणाल्या ते मला लिहून कळव, मी वाट बघतेय.

तुझी,
मावशी