सेकंडहँड अनलॉक्ड फोन, प्रीपेड सिम आणि तुमचे प्रश्न

मागच्या वेळी वापरलेल्या फोनबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं सदर त्यालाच देतेय. बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिलीये.

प्रश्न: ताई, मी एकाकडून वापरलेला फोन घेतला. अनलॉक्ड आहे, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम घेतो, असं त्याने मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. माझं प्रीपेड सिम टाकलं तर रेंज दिसते, नेट मस्त चालतंय, व्हॉट्सअ‍ॅप वगैरे सगळं चालू, पण साधा कॉल लावला की लगेच कट होतो आणि मला कोणी लावला तर त्यांना फोन बंद आहे असं ऐकू येतं. विकणारा म्हणतो फोन अनलॉक्डच आहे, सिम बघा. सिमवाले म्हणतात सिम ठीक आहे, फोन बघा. नक्की कोणाचं खरं?

उत्तर: दोघांचंही खरं आहे आणि मधल्यामधे तुम्ही अडकलाय. फोन अनलॉक्ड आहेच, नाहीतर तुमचं सिम त्याने घेतलंच नसतं आणि नेटही चाललं नसतं. पण अनलॉक्ड फोनने सिम नाकारलं नाही म्हणजे त्या कंपनीच्या नेटवर्कवर कॉल लागेलच असं नसतं, ती गोष्ट पूर्ण वेगळी आहे.

होतं काय की फोरजी मुळात डेटासाठीच बनवलेलं. त्यावर आवाज न्यायचा तर तोही डेटा म्हणूनच न्यावा लागतो आणि त्यासाठी फोनमध्ये व्हीओएलटीई लागतं. ज्या फोनमध्ये ते नव्हतं किंवा बंद होतं तो फोन कॉल आला की गुपचूप थ्रीजी किंवा टूजीवर उतरायचा, बोलणं झालं की परत फोरजीवर यायचा, आपल्याला पत्ताही लागायचा नाही. आता बऱ्याच ठिकाणी तो खालचा मजलाच राहिला नाहीये. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात तिन्ही मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये. मग अशा फोनवर नेट चालतं आणि कॉल मरतो, अगदी तुम्ही लिहिलंय तसं.

आता करायचं काय. आधी मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हीओएलटीई किंवा फोरजी कॉलिंग असं बटण आहे का बघा, बंद असेल तर चालू करा आणि फोन एकदा रीस्टार्ट करा. बटणच दिसत नसेल तर सॉफ्टवेअर अपडेट करून परत बघा, कारण प्रत्येक कंपनीच्या कॉलिंगची माहिती फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून भरलेली असावी लागते आणि दुसऱ्या देशासाठी किंवा दुसऱ्या कंपनीसाठी बनवलेल्या फोनमध्ये ती कधीकधी नसतेच. फोन व्हीओएलटीईवाला आहे पण तुमच्या कंपनीसाठी नाही, असंही होतं. काही कंपन्या तर चालणाऱ्या मॉडेलची आपली यादीच ठेवतात आणि यादीत नसलेल्या फोनला कॉलिंग देत नाहीत. त्यामुळे शेवटचा उपाय म्हणजे फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असतो तो ओळख नंबर (कसा बघायचा ते पुढच्या उत्तरात आहे), घेऊन सिमकंपनीच्या साईटवर किंवा कस्टमर केअरला विचारणे, की या फोनवर कॉलिंग मिळेल का. नाही म्हणाले तर त्याच फोनसाठी दुसरी कंपनी शोधा किंवा फोन परत करा, सेटिंगशी झगडत बसू नका.

आणि एक कळकळीने सांगते, नेट चालतंय ना मग कॉलचं काय एवढं, असं म्हणून असा फोन घरच्या म्हाताऱ्या माणसाला देऊ नका. रात्री-अपरात्री अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावायची वेळ आली तर तो लागला पाहिजे. ऑस्ट्रेलियात तर फोरजीवरून इमर्जन्सी कॉल लागत नसेल असा फोन कंपन्यांनी नेटवर्कवर घ्यायचाच नाही असा नियम झालाय, इतकी ही गोष्ट गंभीर आहे. फक्त तपासायला म्हणून इमर्जन्सी नंबर फिरवू नका, साधा कॉल लागतोय का तेवढं बघितलं तरी कळतं.

प्रश्न: मी कॉलेजला आहे ताई, पहिल्यांदाच स्वतःच्या पैशाने फोन घेतेय, जुनाच घेणार. विकणाऱ्याला भेटायला जाताना काय काय बघू? मला त्यातलं फारसं कळत नाही.

उत्तर: कळायची गरज नाही गं, फक्त घाई करू नकोस. आणि भेटायचं ते दिवसाढवळ्या, चार माणसं असतील अशा जागी, सोबत कोणीतरी घेऊन जा.

जाताना तुझं स्वतःचं चालू सिम आणि ट्रे उघडायची पिन घेऊन जा, बाकी काही विसरलीस तरी चालेल पण हे नको विसरू. सिम टाक, वायफाय बंद कर, एक कॉल लाव, एक कॉल घे, एखादं पान नेटवर उघड. दोन मिनिटांचं काम आहे पण निम्म्या फसवणुकी इथेच पकडल्या जातात. सिम टाकल्यावर अनलॉक कोड मागितला किंवा सिम चालत नाही असं आलं तर तो फोन अजून कुठल्यातरी कंपनीला बांधलेला आहे. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये जनरल आणि मग अबाउटमध्ये खाली कॅरियर लॉक अशी ओळ असते, तिथे नो सिम रिस्ट्रिक्शन्स लिहिलेलं पाहिजे. ट्रे काढशील तेव्हा त्यात सिमला चिकटलेली एखादी पातळ चिप नाहीये ना तेही बघ. लॉक असलेला फोन तात्पुरता चालवायची ती युक्ती आहे, पुढच्या एखाद्या अपडेटला बंद पडते आणि मग विकणारा फोन उचलत नाही.

मग डायल पॅडवर *#०६# दाब. १५ आकडी आयएमईआय येईल, दोन सिमचा फोन असेल तर दोन येतील. तो सेटिंगमधल्या नंबरशी आणि बॉक्सवरच्या नंबरशी जुळला पाहिजे, आणि तिथल्या तिथे तुझ्या सिमकंपनीच्या साईटवर टाकून तपासता आला तर उत्तमच. चोरीला गेलेला म्हणून नोंदवलेला फोन असेल तर तो ब्लॅकलिस्टमध्ये असतो, त्याला नेटवर्क मिळत नाही, मग अनलॉक्ड असो नाहीतर नसो. आता यातली खरी वाईट गोष्ट सांगते, आज स्वच्छ असलेला फोन उद्या ब्लॅकलिस्टमध्ये जाऊ शकतो. आधीच्या माणसाने हप्त्यावर घेतलेला असतो, तुला विकून तो हप्ते भरायचं सोडतो, किंवा हरवला सांगून विम्याचे पैसे घेतो, आणि महिनाभराने तुझा फोन मुका होतो. म्हणून हप्ते फिटलेत का हे सरळ विचार, मूळ बिल माग, आणि विकणाऱ्याकडून मॉडेल, आयएमईआय, तारीख, किंमत असं चार ओळींचं लिहून घे. लिहून द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून फोन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कितीही स्वस्त असला तरी.

आता अकाउंटचं. आयफोनला २०१३ पासून आणि अँड्रॉइडला २०१५ च्या सुमारापासून अशी सोय आहे की मालकाचं अकाउंट न काढता फोन पुसला तर सुरू होताना तो जुन्या मालकाचाच पासवर्ड मागतो. चोरी कमी व्हावी म्हणून केलेली चांगली सोय आहे ती, पण घेणाऱ्याने बघितलं नाही तर हातात नुसती काच राहते. म्हणून विकणाऱ्याला तुझ्यासमोर त्याचं अकाउंट साइन आउट करायला लाव, मग सेटिंगमधून रीसेट करायला लाव, आणि फोन परत सुरू होऊन होम स्क्रीन दिसेपर्यंत पैसे देऊ नकोस. घरी जाऊन पासवर्ड पाठवतो म्हणाला तर नमस्कार करून निघून ये. स्क्रीन, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचं भोक हे तर कोणीही बघतंच, तूही बघशील.

प्रश्न: परदेशातून भावाने त्याचा जुना फोन पाठवला, अनलॉक्ड आहे, व्हीओएलटीईपण आहे, कॉल लागतो. पण रस्त्यावर फुल रेंज आणि घरात शिरलो की गायब. शेजारच्याकडे तेच सिम, त्याच नावाचा फोन, त्याला घरात व्यवस्थित येतं. असं कसं?

उत्तर: नाव तेच असलं तरी मॉडेल नंबर बघा, तो बहुतेक वेगळा निघेल. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळा बनवतात आणि कुठले बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, त्याला ऐकू येतात हे त्यावर ठरतं. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी, म्हणजे ६००, ७००, ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, लांब पोचतात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात, जास्त फ्रिक्वेन्सीच्या भिंतीला अडतात. तुमच्या फोनला कंपनीचे वरचे बँड मिळतायत आणि नेमका घरात पोचणारा खालचा बँड त्यात नसणार, म्हणून बाहेर आनंदीआनंद आणि आत काही नाही. कंपनी कुठले बँड वापरते ते तिच्या साईटवर असतं, फोनचे बँड मॉडेल नंबर टाकून बनवणाऱ्याच्या साईटवर मिळतात, ते जुळवून बघा. हा हार्डवेअरचा भाग आहे, कुठल्याही अ‍ॅपने बँड वाढत नाही, तसं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. घरात वायफाय असेल आणि कंपनी देत असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, तुमचं काम त्यावर भागेल.

प्रश्न: कॉल लागतो, मेसेज येतात, नेट मात्र अजिबात नाही. डेटा पॅक आहे, मोबाईल डेटा चालू आहे.

उत्तर: नव्वद टक्के एपीएन असणार, म्हणजे फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारी सेटिंग. फोन आधी दुसऱ्या कंपनीवर होता, तिची सेटिंग राहून गेलीये. खासकरून ज्या प्रीपेड कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, मोठ्या कंपनीचं नेटवर्क घेऊन त्या सिम विकतात, त्यांचं एपीएन फोनला बऱ्याचदा आपोआप सापडत नाही. कंपनीच्या मदत पानावरून एपीएन घेऊन जसंच्या तसं टाका, एक टिंबसुद्धा इकडचं तिकडे नको. आयफोनमध्ये जुन्या कंपनीचं प्रोफाइल राहिलेलं असेल तर ते आधी काढा. तरी नाही झालं तर नेटवर्क सेटिंग रीसेट करा, त्याने वायफायचे पासवर्ड जातात तेवढे लिहून ठेवा.

प्रश्न: लॉक असलेला फोन खूप स्वस्तात मिळतोय. दुकानदार म्हणतो थोडे पैसे द्या, मी अनलॉक करून देतो, गरज पडली तर आयएमईआयपण बदलून देतो. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, आणि त्या दुकानात परत जाऊही नका. आयएमईआय बदलणं हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे आणि ज्याला तो बदलायची गरज पडते तो फोन कुठून आला असेल ते तुम्हीच समजा. लॉक उघडायचा सरळ रस्ता म्हणजे ज्या कंपनीने लॉक लावला तिच्याकडे जाणं. आधीच्या मालकाने हप्ते, मुदत वगैरे अटी पूर्ण केल्या असतील तर ती उघडून देते, पण मागणी बहुतेक वेळा त्याच मालकाने करावी लागते, म्हणून हे काम विकत घ्यायच्या आधी त्यालाच करायला सांगा. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून कंपन्यांनी फोन अनलॉक्डच विकायचे आणि जुने फुकट उघडून द्यायचे असा नियम आहे, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे, त्यामुळे तिथले त्यानंतरचे फोन या बाबतीत बरे पडतात. तरी सिम टाकून बघायचं ते बघायचंच.

प्रश्न: किती जुना फोन घेणं ठीक? बॅटरी आणि अपडेटचं काय?

उत्तर: बॅटरी बदलता येते, अपडेट बदलून मिळत नाहीत, म्हणून मी आधी अपडेट बघेन. हल्लीच्या काही फोनना मोठी मुदत आहे, पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ पासून त्या वरच्या मॉडेलना ७ वर्षं म्हणतात, पण ती वर्षं फोन बाजारात आला तिथून मोजायची, तुम्ही घेतलात तिथून नाही. सेटिंगमध्ये शेवटच्या सिक्युरिटी पॅचची तारीख बघा, ती दीड-दोन वर्षांपूर्वीची असेल आणि पुढे काही येणार नसेल तर त्यावर बँकेचं अ‍ॅप टाकू नका. बॅटरीचं म्हणाल तर अ‍ॅपलच्या हिशोबाने आयफोन १४ पर्यंतची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळच्या ८० टक्क्यांवर येते, १५ पासून १००० नंतर. ८० च्या खाली दाखवत असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वळता करून घ्या, यात संकोच कसला.

प्रश्न: अमेरिकेतला आयफोन मिळतोय, पण त्याला सिमची खाचच नाही. माझं प्रीपेड सिम साधं आहे. आणि सिम बदलताना माझा नंबर जाणार तर नाही ना?

उत्तर: आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोनना ट्रे नाही, फक्त ईसिम, म्हणजे वेगळं कार्ड नसलेलं, फोनमध्येच असलेलं सिम. तुमची प्रीपेड कंपनी ईसिम देते का आणि तुमच्या प्लॅनवर देते का, दोन्ही विचारा, नसेल देत तर हा फोन तुमच्यासाठी नाही. देत असेल तर जुना फोन चालू स्थितीत हाताशी ठेवूनच बदल करा, कारण ओटीपी त्यावरच येणार.

नंबर सहसा जात नाही, पण दुसऱ्या कंपनीत नेणार असाल तर नवीन सिम पूर्ण चालू होईपर्यंत जुनं बंद करायला सांगू नका आणि त्यावरचा रिचार्जही संपू देऊ नका. प्रीपेडमध्ये रिचार्ज न करता ठरावीक दिवस गेले की नंबर काढून घेतात आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला तरी दिला जाऊ शकतो, मग तुमचे बँकेचे मेसेज त्या अनोळखी माणसाकडे जातात. ती मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आपली किती आहे ते विचारून रिचार्जच्या तारखेचं रिमाइंडर नवीन फोनमध्ये पहिल्याच दिवशी लावा.