वळू निवडीचं शास्त्र शिकायचंय, मग व्हेटरनरी करू की बायोटेक?

तुझं पत्र वाचून खरंच बरं वाटलं. फलटणकडचा तू, बारावी सायन्स, घरी 9 एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई, गाय भरायला येणाऱ्या डॉक्टरांच्या कॅटलॉगमध्ये 'जिनोमिक', म्हणजे डीएनए तपासून निवडलेला वळू बघितलास आणि तेव्हापासून हेच शिकायचं डोक्यात बसलंय, वडील म्हणतात व्हेटरनरी कर, मित्र म्हणतात बायोटेक.

आधी हे काम काय असतं ते बघ. वळू काय दूध देत नाही, तो कसा आहे हे कळायला त्याच्या कालवडी मोठ्या होऊन, विऊन दुधात येईपर्यंत थांबावं लागायचं, म्हणजे एका वळूमागे 5-6 वर्षं. 2001 मध्ये म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड या तीन शास्त्रज्ञांनी दाखवलं की डीएनएवरचे हजारो मार्कर (जनावरागणिक बदलणाऱ्या खुणा) एकदम हिशोबात धरले तर वासरू लहान असतानाच अंदाज बांधता येतो, आणि 2009 पासून अमेरिकेत होल्स्टिन-जर्सीचं अधिकृत मूल्यांकन तसं सुरू झालं. कानाचा बारीक तुकडा घ्यायचा आणि सुमारे 50 हजार मार्करच्या चिपवर तपासायचा.

पण चिप हा त्यातला सोपा भाग आहे रे. कुठल्या मार्करनं दूध किती वाढतं ते चिपला माहीत नसतं, ते दूधनोंद असलेल्या हजारो गाईंवरून काढावं लागतं, आणि अमेरिकेच्या होल्स्टिनवरचं गणित आपल्या गीरला किंवा संकरित गाईला जसंच्या तसं चालत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमच्या कार्यक्रमात आपल्या गाईंसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' आली, चांगलंच झालं, पण आपल्याकडे दोन-चार गाईंचे गोठे, वहीत नोंद कोण ठेवतं? गोठाही कळतो आणि आकडेही कळतात अशी माणसं हवीत, आणि ती फार कमी आहेत.

चुकीची किंमतही मोठी असते. अमेरिकेत 1962 साली जन्मलेला चीफ नावाचा होल्स्टिन वळू, त्याला तब्बल 16,000 मुली, दूध जबरदस्त, पण त्याच्यात एक दोष लपलेला होता, आई-बाप दोघांकडून तो आला की गर्भ पोटातच मरतो. हे मार्करमुळे 2011 च्या सुमारास कळलं, तोवर तो दोष जगभर पसरला होता.

आता तुझं. नीटचा स्कोअर बसत असेल तर वडिलांचं ऐक, बीव्हीएस्सी कर. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, शिरवळचं व्हेटरनरी कॉलेज तुला जवळ आहे, पुढे अॅनिमल जेनेटिक्स अँड ब्रीडिंगमध्ये एमव्हीएस्सी. ब्रीडिंगमधल्या नोकऱ्या मोजक्याच असतात, एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ), बायफ ही ग्रामविकास संस्था, कर्नालसारख्या ठिकाणच्या संशोधन संस्था, पण हातात व्हेटची डिग्री असली की उपाशी राहत नाहीस. नीट नाही जमलं तर बीएस्सी अॅग्री करून राहुरीच्या कृषी विद्यापीठात पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्रात एमएस्सी, किंवा आकड्यांची खरी आवड असेल तर स्टॅटिस्टिक्स आणि मग बायोइन्फॉर्मॅटिक्स, म्हणजे डीएनएच्या माहितीचं कॉम्प्युटरवरचं गणित. नुसतं बायोटेक करून स्टॅटिस्टिक्स टाळलंस तर या कामात अडकशील, म्हणून तो पर्याय मी शेवटी ठेवते. आणि बारावीला मॅथ्स घेतलंयस की सोडलंयस ते लिहिलंच नाहीस, ते कळव.

तोवर एक कर. 9 गाईंचं दूध महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून लिही, कानातल्या टॅगचा 12 अंकी नंबर, गाय भरल्याची तारीख आणि वीर्याच्या कांडीवरचा वळूचा नंबर शेजारी. वर्षभराची वही झाली की मला फोटो पाठव, एकाच वळूच्या दोन मुली निघाल्या तर त्यांच्या दुधाची तुलना कशी करायची ते त्यावरच शिकवते.