व्हेंटिलेटर लावण्याआधी टेप काढ

इंदूरच्या आयसीयूत नवा आहेस. माळवा-निमाडातून रात्री आलेल्या पेशंटची उंची आधी मोज, झोपलेल्याच टाळूपासून टाचेपर्यंत. व्हेंटिलेटरने एका श्वासात किती हवा द्यायची ते उंचीवरून ठरतं; वजन वाढलं तरी फुफ्फुसं वाढत नाहीत. उंचीतून १५२.४ सेंमी वजा कर, ०.९१ ने गुण, बाईला ४५.५ मिळव, पुरुषाला ५०. १५२ सेंमीच्या, ७० किलोच्या काकूंचं हिशेबाचं वजन ४५ किलो. किलोला ६ मिलीप्रमाणे एका श्वासाला २७० मिली. ७० धरलंस तर ४२०, म्हणजे किलोला नऊच्या वर! एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांना सूज येऊन रक्तातला ऑक्सिजन घटतो, त्या गंभीर आजारात) हे महागात पडतं: २००० सालच्या अमेरिकन चाचणीत १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के दगावले, ६ मिलीच्या गटात ३१. प्लॅटो प्रेशर (श्वास भरून थांबल्यावरचा फुफ्फुसांतला दाब) ३० सेंमी पाण्याच्या आत ठेव. तो इन्स्पिरेटरी होल्ड देऊनच, म्हणजे भरलेला श्वास क्षणभर रोखून, बघ. पेशंट स्वतः जोर लावत असेल तर आकडा फसवतो.