जंगलाचा हिशेब स्वतः ठेवणारं गाव : मेंढा (लेखा)

तुमचा प्रश्न असा आहे की लाकूड, बांबू, खनिजं असं सगळं भरपूर असलेल्या पण दूर कोपऱ्यातल्या प्रदेशातलं, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं एखादं गाव आहे का आणि तिथलं जगणं कसं असतं. मी गडचिरोली जिल्ह्यात ग्रामसभांना हिशेबाच्या वह्या लिहायला मदत करते. त्यामुळे माझ्यापुरतं उत्तर सरळ आहे: धानोरा तालुक्यातलं मेंढा. वनहक्काचं काम करणारे लोक या गावाला चांगलं ओळखतात, परदेशातून अभ्यासकही येऊन गेलेत. पण पुण्या-मुंबईत दहा जणांना विचारलं तर नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसतं.

गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर साधारण तीस किलोमीटरवर, धानोरा यायच्या जरा आधी हे गाव लागतं. शेजारच्या लेखा गावाच्या गट ग्रामपंचायतीत ते मोडत आलं, म्हणून कागदोपत्री 'मेंढा (लेखा)' असं लिहितात. शंभराच्या आसपास घरं, वस्ती गोंड आदिवासींची, घरात बोली गोंडी. जवळून कठाणी नदी वाहते. पावसाळ्यात धानाची शेती, तीही बहुतेक पावसाच्या भरवशावर. उरलेल्या वर्षाचा मोठा आधार जंगलाचा: उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफुलं, मग चारोळी, तेंदूपत्ता, पावसात वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, पुढे हिरडा, बेहडा, आवळा, मध. आणि सगळ्यांत महत्त्वाचा बांबू.

गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या माणसाला एकच विषय आठवतो, तो मी इथे काढत नाही. जिल्ह्याची ओळख खरं तर जंगलावरून व्हायला हवी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जंगल आहे. आलापल्लीकडचं सागवान, एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज, सगळीकडे पसरलेला बांबू. इतकी संपत्ती असलेला जिल्हा राज्यातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत मोजला जातो. ज्याच्या हाती विक्रीचा परवाना, पैसा त्याच्याकडे गेला. मेंढ्याची गोष्ट याच परवान्याभोवती फिरते.

थोडं मागे जावं लागेल. १९५० च्या कायद्याने या भागातल्या जमीनदाऱ्या गेल्या आणि जमीनदारांचं जंगल सरकारकडे आलं. गावांना घरापुरतं लाकूड, बांबू, चराई यांसाठी निस्तार हक्क दिले गेले आणि निस्तार पत्रकात लिहूनही ठेवले गेले. पत्रक दप्तरात राहिलं. बांबू मात्र लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यांनी, नाममात्र दराने, कागद कारखान्याकडे जाऊ लागला. गावातल्या माणसाला कुंपणासाठी चार बांबू आणायचे तरी वनरक्षकाची धास्ती, आणि त्याच जंगलातून ट्रक भरून बाहेर जात.

१९८०च्या दशकाच्या मध्याला इंद्रावतीवर भोपालपट्टनम आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन मोठी धरणं बांधायचं घाटत होतं. त्यांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लालश्याम शहा होते. धरणं थांबली. या आंदोलनात जागी झालेली जी गावं पुढे स्वतःच्या प्रश्नांकडे वळली, त्यांतलं मेंढा एक. गावाचे देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची सोबत तिथूनची आहे. मोहनभाऊ २०२५ च्या जानेवारीत गेले. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने गावात किती बोलावं आणि कुठे गप्प बसावं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं होतं. गावाचा निर्णय गावानेच घ्यायचा, आपण माहिती पुरवायची, ही मर्यादा त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

गावाने पहिल्यांदा अंगावर घेतलेला तंटा गोटुलाचा. गोटुल म्हणजे गोंड तरुण-तरुणींचं एकत्र जमायचं, शिकायचं ठिकाण. ते मोडकळीला आलं होतं, गावाने परंपरेप्रमाणे जंगलातलं लाकूड आणून नवं बांधलं. वनविभागाने ते पाडून लाकूड जप्त केलं. गावाने पुन्हा बांधलं, आजूबाजूची गावंही पाठीशी उभी राहिली, आणि अखेर ते उभं राहिलं. आज गावाच्या बैठकी तिथेच होतात. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच वर्षांतली. ती ऐकून काही लोक बिचकतात, हे काहीतरी फुटीर प्रकरण आहे असं त्यांना वाटतं. पहिला अर्धा भाग नीट वाचावा, दिल्ली-मुंबईचं सरकारही गाव आपलंच म्हणतंय.

आता त्यांच्या कारभाराच्या रीतीबद्दल, कारण मला स्वतःला बांबूच्या पैशापेक्षा ती जास्त मोलाची वाटते. ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीने होतो. मतदान नाही. एकाचाही विरोध असला की विषय पुढच्या बैठकीला, लागले तर आणखी पुढच्या. शहरातल्या माणसाला हे वेळखाऊ वाटतं, आणि वेळ लागतोच. पण अठराशे हेक्टर जंगल कोण राखणार, याचा विचार करा. तिथे गावातला प्रत्येक माणूस एकटा जातो, त्याच्या हातात कुऱ्हाड असते आणि बघणारं कुणी नसतं. बहुमताने हरलेल्या चाळीस घरांनी तो नियम मनापासून का पाळावा? ज्याने स्वतः होकार दिलाय तोच माणूस झाडाजवळ एकटा असताना थांबतो. दारूबंदीचंही असंच झालं. बायकांनी विषय लावून धरला, बराच काळ चर्चा चालली, मग गाव एकमताने ठरावावर आलं. जिल्ह्यात दारूबंदी १९९३ मध्ये आली. त्याआधीच गावात हा विचार सुरू झाला होता.

ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट असतात. तिथे निर्णय घ्यायचाच नाही, फक्त समजून घ्यायचं. बाहेरचा जाणकार बोलवायचा, त्याला खोदून प्रश्न विचारायचे, कायद्याचं पुस्तक कलमागून कलम वाचायचं. पूर्वी आग्या मोहोळ जाळून मध काढत, त्यात माशा मरत. माशा न मारता मध कसा काढायचा यावर गावात असाच अभ्यास झाला आणि पद्धत बदलली. निस्तार पत्रकात आपले कोणते हक्क लिहिलेत हेही गावाने असंच शोधून काढलं. पुढे वनहक्क कायदा आला तेव्हा इतर गावं 'हे काय नवीन' म्हणून चाचपडत होती, आणि मेंढ्यात मात्र कागद वाचायची सवय जुनी झाली होती. मला कुणी विचारलं की आमच्या गावात हे कसं करू, तर मी आधी अभ्यास गट बसवायला सांगते. पैशाचं बोलणं नंतर.

वनहक्क कायदा २००६ चा, अंमल २००८ पासून. त्यात सामूहिक वनहक्काची तरतूद आहे. गावाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं आणि राखलेलं जंगल सांभाळायचा, त्यातलं गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातला बाकीचा माल, गोळा करून विकायचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टरवर हा हक्क मिळाला. जवळच्या मर्दा गावालाही त्याच वेळी मिळाला. देशात सामूहिक वनहक्क मिळालेली ही अगदी पहिली गावं.

हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांमध्ये धरला होता, आणि २००६ च्या कायद्यात तो गौण वनोपजांत स्पष्ट लिहिलेला आहे. वनविभाग जुन्या कायद्यावर बोट ठेवून वाहतूक परवाना देत नव्हता. इकडे त्याला सगळे 'टीपी' म्हणतात. टीपीशिवाय बांबूची गाडी रस्त्यावर आली की ती चोरीची. म्हणजे मालक तुम्ही, पण माल नाक्याच्या पुढे नेता येत नाही. गावाने पाठपुरावा सोडला नाही. अखेर २०११ च्या मार्चमध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बांबू हे गौण वनोपजच आहे असं राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहून कळवलं, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले. त्या दिवशी टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हापासून परवान्यावर सही ग्रामसभेची.

त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या तोडीतून कोटी रुपयांच्या घरात रक्कम आली. ती ऐकून लोक थक्क होतात. माझं लक्ष मात्र ती रक्कम कशी सांभाळली गेली याकडे जातं. ग्रामसभेच्या नावाने पॅन कार्ड, बँकेत खातं, तोडणाऱ्यांचा हजेरीपट, कुठल्या रांजीतून, म्हणजे बांबूच्या बेटातून, किती बांबू निघाले याची नोंद, टीपीचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक जुळवणं. मजुरीचा दर आधी सभेत ठरतो. मजुरीतला दहावा हिस्सा गावाच्या कोषात द्यायची रीत जुनी आहे, त्यातून अडलेल्या घराला सावकाराकडे न जाता मदत मिळते. आणि हिशेब सभेत वाचून दाखवला जातो. लिहिता न येणारी म्हातारी बाई उभी राहून 'त्या दिवशी मी कामावर होते, माझं नाव कुठाय' असं विचारू शकते. कागदावरच्या ऑडिटपेक्षा मी या प्रश्नाला जास्त मानते.

तोडीचे नियमही गावाचेच. बांबू हे गवत, त्याची रांजी जमिनीखालून वाढते. यंदाचे आणि गेल्या वर्षीचे कोंब राखून जुनेच बांबू काढले तर रांजी वर्षानुवर्षं देत राहते. ठेक्याच्या तोडीत घाईघाईने सरसकट कापत, बाहेरून कापलं की आत जायची वाट बंद होई, आणि रांजी गुंतून बसे. गावाचा माणूस तसं करत नाही, त्याला पुढच्या वर्षी त्याच रांजीकडे यायचं असतं.

सगळं गोड आहे असं मुळीच नाही. बांबूला फुलोरा आला की तो सगळाच वाळतो, नवा यायला वर्षं जातात, म्हणजे एकाच मालावर गाव चालवणं धोक्याचं. भाव व्यापारी पाडतात. तेंदूपत्त्यात तर जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांचे पैसे ठेकेदारांनी थकवल्याचं मी स्वतः वह्यांतून पाहिलंय. म्हणून कोरची तालुक्यासारख्या ठिकाणी अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आणि एकत्र लिलाव सुरू केले. मला पुढची वाट ही दिसते. आज जिल्ह्यात हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत. त्यांतली कित्येक गावं मेंढ्याकडे बघून पुढे आली, पण सगळीकडे अभ्यासाला तितका वेळ दिला गेला नाही. जिथे दिला नाही तिथे चार माणसांच्या हाती वही गेली आणि भांडणं सुरू झाली.

मेंढा पुढे आणखी एका गोष्टीकडे वळलं, ते म्हणजे ग्रामदान. विनोबांच्या चळवळीतून आलेला महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४ चा, बहुतेक लोक तो विसरले होते. २०१३ मध्ये गावाने आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. जमीन कसणारा तोच राहतो, वारसाही चालतो, पण बाहेरच्याला विकता येत नाही. खनिजांच्या जिल्ह्यात या एका अटीचं वजन किती आहे ते सांगायला नको. कायद्याची पूर्ण अंमलबजावणी व्हावी म्हणून मात्र या गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागलं. सरकारने स्वतः केलेला कायदा स्वतःच लागू करायला इतकी वर्षं घ्यावीत, याचा मला राग येतो.

जायचं असेल तर आधी ग्रामसभेला कळवून जा, गावात येणाऱ्यांसाठीही त्यांची रीत आहे. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याच्या दिवसांत जाऊ नका. भल्या पहाटेपासून सगळे जंगलात असतात, दुपारी पुडे बांधत बसतात, तुमच्याशी बोलायला कुणाला फुरसत नसते. धानकापणी उरकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जा. फोटो विचारून काढा. आणि जमलं तर एका बैठकीला शेवटपर्यंत बसून राहा. गोंडीत चाललेलं सगळं कळणार नाही, शेजारचा कुणीतरी मराठीत सांगत राहील.