कप टाकवत नाहीत, आणि कपाटात मावतही नाहीत

‘कपाट उघडलं की काहीतरी अंगावर येतं, आणि सकाळी घाईत एक धड ग्लास सापडत नाही. आवरायला बसते, पण एकही टाकवत नाही.’ घर आवरण्याच्या समुपदेशनात हे गाऱ्हाणं वारंवार येतं. या बाईंच्या घरात माणसं चार. सगळं ओट्यावर काढून मोजलं तेव्हा 26 ग्लास, 19 मग आणि 11 बाटल्या निघाल्या. शिवाय ‘पाहुण्यांचे’ म्हणून ठेवलेले दोन अर्धवट सेट.

काय टाकायचं, हा प्रश्न त्यांना आधी विचारलाच नाही. त्या प्रश्नापाशीच माणूस अडतो. त्याऐवजी आठवडाभर एकच काम दिलं : धुतलेलं भांडं जुन्या जागी न ठेवता रिकाम्या फळीवर ठेवायचं. आठ दिवसांनी त्या फळीवर 9 ग्लास, 6 मग, 4 बाटल्या होत्या. घर एवढ्यावरच चालत होतं. साधारण माणशी दोन ग्लास, दोन मग, एक बाटली आणि पाहुण्यांसाठी सहाचा एक पुरा सेट पुरतो. भांडी दिवसातून एकदाच धुतली जात असतील तर माणशी एकेक वाढवा.

उरलेल्यांतलं सदोष आधी बाजूला केलं. ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवू नका, सुती फडकं फिरवा. टवका उडाला असेल तर धागा अडकतो. कप हलकेच टिचकावला आणि खणखणीत वाजण्याऐवजी बद्द वाजला, तर बारीक तडा असण्याची शक्यता मोठी. बाटल्यांची आधी झाकणं जुळवा. बिनझाकणाची बाटली ‘कधीतरी लागेल’ म्हणून वर्षानुवर्षं जागा खाते. पाणी गरम ठेवणाऱ्या स्टीलच्या बाटलीत उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. झाकणाजवळ कोमट लागणं ठीक, पण पोट तापलं असेल तर आतली निर्वात पोकळी गेली. ती दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

एकात एक अडकलेले दोन ग्लास त्या ओढून सोडवत होत्या. असेच ते हातात फुटतात. आतल्या ग्लासात गार पाणी भरायचं आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरायचा. आतला किंचित आकसतो, बाहेरचा फुगतो. उकळतं पाणी मात्र नको, काच तडकते.

गाडी अडली ती भेट मिळालेल्या मगांपाशी. ‘देणाऱ्याला वाईट वाटेल.’ गेल्या वर्षभरात देणाऱ्याने कधी त्या मगाची चौकशी केली का, एवढंच विचारलं. बाई हसल्या. आईच्या सेटमधला उरलेला एकुलता कप मात्र ठेवायचा ठरला, तोही रोजच्या फळीवर. बाकीचे चांगले नग खोक्यात गेले आणि खोक्यावर तीन महिन्यांनंतरची तारीख घातली.

मांडताना एका प्रकारची रांग पुढून मागे लावली, आडवी नाही. म्हणजे मागचा ग्लास काढायला दुसऱ्या जातीचे हलवावे लागत नाहीत. रोजचं कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, जड मग खाली. काचेचे ग्लास सुलटेच ठेवले : कड हा त्यांचा सगळ्यात नाजूक भाग, आणि ओलसर ग्लास उपडा ठेवला की कोंदट वास धरतो.

खोक्यातून तीन महिन्यांत दोनच मग परत आले.