लग्नघरातून पळायला जाऊ का?

*ताई, मी 47 वर्षांची, मूळची बडोद्याची, आता ठाण्यात. सहा आठवड्यांपासून पळायला शिकतेय. तीन मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं पाच वेळा. डिसेंबरात भावाच्या मुलीचं लग्न आहे, आठ दिवस बडोद्याला, रावपुऱ्यात काकूंकडे राहीन. बाबा रविवारी कमाटीबागेत न्यायचे, तिथेच पळावंसं वाटतं. पण शाळेत शर्यतीत मी कायम शेवटची. जुनं कोणी भेटलं आणि मी धापा टाकत उभी असले तर? काकू म्हणतात, लग्नघरातली बाई पहाटे पळत सुटली तर शोभतं का. आणि दांडिया बाजारातला आमचा वाडा भावाने विकला, तेव्हापासून मी त्या गल्लीत गेलेली नाही. पळत पळत तिथूनही एकदा जाऊन यावं का? — धापाताई, ठाणे*

धापाताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वाड्यावरून पळत जायचं नाही.

'पळत पळत जाऊन यावं' हे तू सहज लिहून गेलीस. पळत गेलं की थांबावं लागणार नाही, बघावं लागणार नाही, असा तुझा हिशेब दिसतो. तो चुकणार. तुझी चालायची दोन मिनिटं नेमकी त्या दारासमोर येतील, आणि दम लागलेला असताना हुंदका आला की दोन्ही सांभाळता येत नाहीत. शिवाय गल्लीतली कुत्री पहाटे पळणाऱ्याच्याच मागे लागतात, चालणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

तेव्हा पळण्यासाठी कमाटीबाग. वाड्याचं नंतर बोलू.

कागदोपत्री नाव सयाजीबाग. महाराजांनी 1879 साली केली, पण आपल्या तोंडी कमाटीबागच. रावपुऱ्यातून कोठीवरून बागेजवळच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापर्यंत चालतच जा. वीसेक मिनिटं लागतील, अंग गरम व्हायला ती हवीतच. ठाण्याच्या दमट हवेची तुला सवय आहे. इथे डिसेंबरात पहाटे पारा बारा-चौदापर्यंत उतरतो, हवा कोरडी, घसा लगेच सुकतो. निघताना कोमट पाणी पी आणि पहिले काही मीटर मुद्दाम रेंगाळत पळ. उजाडतं सातच्या सुमाराला, त्याआधी घाई नको. विश्वामित्री बागेतूनच वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, हे तुला सांगायला नको. काठापासून लांबच राहा.

आता ओळखीचं कोणी भेटण्याची भीती. मी स्वतः एकावन्नाव्या वर्षी याच बागेत सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी मफलर गुंडाळलेले एक काका नुसते चालत माझ्या पुढे गेले. मला राग आला, मी वेग वाढवला आणि फुलांच्या घड्याळापाशी पोटात असा चमका आला की सरळ बाकावर बसले. काका दुसऱ्या फेरीत परत आले, न थांबता म्हणाले, "बेन, धीमे धीमे." अपमान म्हणतेस तर एवढाच झाला. सकाळी त्या बागेत कोणी टाळ्या वाजवत हसत असतं, कोणी हात फिरवत उलटं चालत असतं. धापा टाकणाऱ्या बाईकडे बघायला कोणाला सवड नाही. शाळेतली मैत्रीण भेटलीच तर बहुतेक तिचेही गुडघे दुखत असतील.

वेग मात्र खरंच आवर. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोनच शब्द निघत असतील तर हळू हो. माहेरच्या उत्साहात तिनाची पाच मिनिटं करू नकोस. दम लवकर वाढतो, पण टाचेच्या कंडरा आणि नडगीचं हाड सावकाश तयार होतं, आणि लग्नात दिवसभर उभं राहायचंय. आठ दिवसांत तीनदा पळ, मध्ये एकेक दिवस सोडून. हळदीच्या आणि लग्नाच्या दिवशी सुट्टी. एखादा दिवस हुकला तरी सहा आठवड्यांची कमाई कुठे जात नाही. सेव-उसळ पळून आल्यावर. आधी खाल्लीस तर तर्री काळ्या घोड्यापर्यंतही पोचू देणार नाही.

वाड्याकडे लग्न उरकल्यावर जा, संध्याकाळी, चपला घालून, आणि भावाला बरोबर घेऊन. तू अख्ख्या पत्रात त्याच्याबद्दल एकच क्रियापद वापरलंस: विकला. का विकला, ते लिहिलं नाहीस. बहुधा विचारलंही नसशील. लग्नाआधी हा विषय काढू नकोस, मुलीच्या बापाला त्या आठवड्यात श्वास घ्यायला वेळ नसतो. नंतर मात्र तुम्ही दोघंच जा. वाड्याच्या जागी इमारत उभी असेल तर विहीर कुठे होती, जिना कुठून चढायचा, यावरून भांडा. बाबांचं बोलणं आपोआप निघेल. मग हवं तर विचार.

राहता राहिल्या काकू. त्यांना 'पळायला जाते' असं सांगूच नकोस. आदल्या रात्री विचार, "काकू, सकाळी बाहेर जातेय, येताना काही आणायचंय का?" लग्नघरात बाहेर निघालेल्या माणसाला कोणी अडवत नाही, हातात पिशवी देतात. परतताना खंडेराव मार्केटला वळसा पडेल, पण तेवढं चालणं तुला चांगलंच.